रूट फाइल सिस्टीमला जागा किती?

योक्तो या बिल्ड सिस्टीमच्या मूळ मांडणीत १.३ हा एक आकडा आहे. एम्बेडेड लिनक्सवर काम करणाऱ्या बहुतेकांनी तो कधी बदललेला नसतो आणि तो तिथे आहे हे पुष्कळांना माहीतही नसते. बिल्डच्या शेवटी रूट फाइल सिस्टीमची डिरेक्टरी मोजली जाते, आलेल्या मापाला १.३ ने गुणले जाते आणि तेवढ्या आकाराची इमेज तयार होते. आतल्या फाइली २०० एमबीच्या असतील तर इमेज २६० एमबीची. गुणाकार ६४ एमबीपर्यंत पोचलाच नाही तर इमेज ६४ एमबीची, कारण किमान आकार म्हणून ६५,५३६ किलोबाइट आधीच लिहून ठेवलेले असतात. त्याहून जास्त मोकळी जागा हवी असेल तर तिच्यासाठी वेगळा व्हेरिएबल आहे. त्याची मूळ किंमत शून्य आहे.

बिल्डरूट ही दुसरी बिल्ड सिस्टीम हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवते. एक्स्ट४ इमेजचा आकार तिथे तुम्ही लिहायचा असतो. काहीच लिहिले नाही तर ६० एमबी धरले जातात. फाइली त्यात मावल्या नाहीत की बिल्ड थांबतो आणि आकार वाढवून पाहा असा निरोप येतो. पूर्वी बिल्डरूटही स्वतःच अंदाज करत असे. २०१७ च्या सुमारास तो अंदाज काढून टाकला गेला आणि जबाबदारी बिल्ड करणाऱ्यावर आली. कारण आयनोडचे तक्ते, जर्नल, प्रत्येक फाइलमागे ब्लॉकच्या पटीत वाढणारी जागा या सगळ्यांचा हिशेब नुसत्या फाइलींच्या बेरजेवरून बिनचूक मांडता येत नाही.

दोन्ही प्रकल्प जुने, जाणत्या माणसांनी सांभाळलेले, आणि दोघांची उत्तरे वेगळी. म्हणूनच या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहावेसे वाटते. राउटर, विजेचा मीटर, रुग्णालयातला मॉनिटर, गाडीतला पडदा यांपैकी काहीही घ्या. त्याच्या पोटातल्या रूट फाइल सिस्टीमचा आकार आतल्या फाइलींनी ठरवायचा की ते उपकरण घडवणाऱ्याने?

आधी स्वयंचलित मोजणीची बाजू, कारण तिची बाजू खरोखर भक्कम आहे. विकासाच्या काळात इमेज दिवसातून कितीदा तरी बदलते. आज डीबगर हवा असतो, उद्या पायथॉनची एखादी लायब्ररी लागते, परवा ते सगळे काढायचे असते. दर वेळी आकडा हाताने बदलत बसणे म्हणजे कामाचा वेळ वाया घालवणे. एकाच लेयरमधून पाच-सात वेगवेगळ्या बोर्डांच्या इमेज निघत असतील तर प्रत्येकासाठी वेगळा आकडा सांभाळणे चुकांना निमंत्रण देणारे ठरते. आणि कार्डावर इमेज लिहून बोर्ड चालू करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पार्टिशनचे अर्थशास्त्र आधी शिकवण्याची काही गरज नाही. पहिल्याच दिवशी त्याचा बोर्ड चालू झाला पाहिजे. त्या दृष्टीने १.३ हा समजूतदार आकडा आहे.

मोकळी जागा महाग पडते, हा आक्षेपही आता पूर्वीसारखा खरा राहिलेला नाही. इमेज स्पार्स असते, रिकाम्या ब्लॉकना बिल्डच्या मशीनवर जागा लागत नाही. बीमॅपटूल वापरले तर फक्त वापरातले ब्लॉकच कार्डावर लिहिले जातात. इमेज दाबून पाठवली की शून्यांचा पट्टा जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे नेटवरून अपडेट पाठवतानाही रिकाम्या जागेचे भाडे पडत नाही. भाडे पडते ते इमेज ब्लॉकशः, डोळे मिटून लिहिणाऱ्या जुन्या कारखान्यातल्या यंत्रणेवर. सेकंदाला १० एमबी या वेगाने ४०० एमबी लिहायला ४० सेकंद लागतात आणि ४,००० एमबी लिहायला ४०० सेकंद. उत्पादनाच्या ओळीवर हा फरक मोठा आहे. पण त्यावरचा उपाय यंत्रणा सुधारणे हा आहे, इमेज आखूड करणे हा नव्हे.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण टक्केवारीतच आहे. उपकरण चालू असताना किती लिहिणार, लॉग किती साठवणार, पुढच्या अपडेटमध्ये किती वाढणार, यांपैकी कशाचाही आजच्या फाइलींच्या तीस टक्क्यांशी संबंध नाही. ६० एमबीच्या छोट्या प्रणालीला १८ एमबी मोकळे मिळतात आणि एका नव्या लायब्ररीने ते संपू शकतात. उलट ३ जीबीच्या प्रणालीला ९०० एमबीहून जास्त मोकळे दिले जातात आणि इमेज ३.९ जीबीची होते. ४ जीबी असे छापलेल्या ईएमएमसीमध्ये १०२४ च्या हिशेबाने साधारण ३.७ जीबीच असतात. म्हणजे ज्या फाइली सहज मावल्या असत्या त्यांची इमेज निव्वळ गुणाकारामुळे चिपमध्ये बसत नाही. जिथे मोकळीक हवी तिथे हा नियम कंजूष आणि जिथे नको तिथे उधळा ठरतो.

दुसरी अडचण मोजण्याची. पूर्वी योक्तो बिल्डच्या मशीनवर ड्यू ही कमांड चालवून माप घेत असे. बिल्डच्या मशीनची डिस्क स्वतःच फाइली दाबून ठेवणारी असेल तर तेच माप कमी यायचे, आणि एकाच्या मशीनवर बनणारी इमेज दुसऱ्याच्या मशीनवर बनता बनता फसायची. नंतर प्रत्येक फाइल ४,०९६ बाइटच्या पटीत धरून बेरीज करण्याची पद्धत आली. ती सुधारणा चांगलीच होती. तरीही आयनोड हा वेगळाच विषय राहतो. हजारो बारीक फाइली असलेल्या प्रणालीत बाइट शिल्लक असतात, पण आयनोड संपतात, आणि जागा नाही हाच संदेश येतो. डीएफ चालवून निम्मी डिस्क मोकळी दिसते आणि माणूस गोंधळतो. डीएफला आय हा पर्याय दिला की खरा प्रकार कळतो. त्यात फाइल सिस्टीम बनवणारे एमकेईटूएफएस हे साधन मुळात पाच टक्के ब्लॉक रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, हे विसरलेल्याचा हिशेब आणखी चुकतो.

तिसरी अडचण मला सर्वांत त्रासदायक वाटते : एका प्रश्नाला दोन ठिकाणी उत्तर दिले जाते. योक्तोमध्ये रूट फाइल सिस्टीमच्या आकाराचे व्हेरिएबल आहेत ते इमेजच्या रेसिपीत. पण प्रत्यक्ष चिपवर लिहायची, अनेक पार्टिशन असलेली इमेज विक बनवते, आणि विकच्या किकस्टार्ट फाइलीत पुन्हा आकार, जादा जागा आणि गुणक आहेत. तिथेही मूळ गुणक १.३ आणि जादा जागा १० एमबी. एक माणूस रेसिपीतला आकडा बदलतो, दुसरा किकस्टार्टमधला, आणि शेवटी हातात येणारा आकार दोघांनाही अपेक्षित नसतो. कमाल आकाराची मर्यादा घालणारा जो व्हेरिएबल आहे तोही गुणाकारानंतरच्या आकारावर तपासला जातो, खऱ्या फाइलींच्या मापावर नाही. म्हणजे मर्यादा ३०० एमबीची लावली तर २४० एमबीच्या फाइलींनाही ती अडवते. ही मर्यादा गंभीरपणे वापरायची असेल तर गुणक १ वर आणणे भाग आहे.

आता ठरीव आकाराची बाजू. विकच्या किकस्टार्टमध्ये पार्टिशनला ठरीव आकार देता येतो. आतल्या फाइली त्याहून मोठ्या झाल्या तर इमेज बनतच नाही. ही कठोरता मला आवडते, आणि तिचे कारण आहे. उपकरण ग्राहकाच्या घरी गेल्यावर त्याच्या पार्टिशनच्या भिंती हलवणे हे दूरवरून करण्यासारखे काम नाही. मधेच वीज गेली तर ते उपकरण पुन्हा उठत नाही. म्हणून पहिल्या दिवशी काढलेली रेघ उपकरणाच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहते असेच धरून चालावे लागते. रूट पार्टिशनच्या दोन प्रती ठेवून आलटून पालटून अपडेट करण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. राउक, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर ही साधने तिच्यावरच उभी आहेत. त्या पद्धतीत रूटला दिलेला प्रत्येक एमबी दोनदा मोजावा लागतो आणि तो वापरकर्त्याच्या डेटातून वजा होतो. ३.७ जीबीच्या चिपवर दोन्ही रूटना सव्वा-सव्वा जीबी दिले तर बूट वगैरे जाऊन डेटाला जीबीभर उरते. दीड-दीड दिले तर जेमतेम अर्धा. हा निर्णय कुणीतरी समजून उमजून घ्यायला हवा. बिल्ड सिस्टीमला त्यातले काहीच ठाऊक नसते.

पहिल्यांदा चालू होताना फाइल सिस्टीम आपोआप वाढवून घ्यावी, म्हणजे वाद मिटला, असे काहीजण म्हणतात. रास्पबेरी पाय असे करते आणि तिथे ते अगदी योग्य आहे, कारण कार्ड ८ जीबीचे असेल की १२८ जीबीचे हे इमेज बनवणाऱ्याला माहीतच नसते. एक्स्ट४ चालू असताना वाढवता येते. पण लहान करायची असेल तर ती उतरवावीच लागते. शिवाय दोन प्रतींच्या पद्धतीत अपडेट म्हणजे नवी इमेज पार्टिशनवर जशीच्या तशी लिहिणे, त्यामुळे वाढवलेली फाइल सिस्टीम दर अपडेटला पुन्हा इमेजच्या आकाराची होते. डीएम-व्हेरिटीने रूटची पडताळणी होत असेल तर त्याला हातच लावता येत नाही. थोडक्यात, आपोआप वाढवणे डेटा पार्टिशनसाठी उत्तम आहे, पण रूटसाठी बहुतेक वेळा नाही.

राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सचे उदाहरण या वादात वारंवार आठवते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या अखेरीस आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश होती. २००५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने ती २ एमबीवर आणली आणि लिनक्स सोडून व्हीएक्सवर्क्स घातले. ओपनडब्ल्यूआरटीने अशा लहान उपकरणांसाठी कितीतरी वर्षे जागेचा कण अन् कण वाचवला. रूट स्क्वॅशएफएसमध्ये दाबलेली, केवळ वाचण्यापुरती. वापरकर्त्याचे बदल वरच्या ओव्हरलेमध्ये. या रचनेत इमेजमध्ये मोकळी जागा ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही, मोकळी जागा असते ती पार्टिशनच्या उरलेल्या भागात. पण तळाच्या इमेजमधली एखादी गोष्ट काढून टाकली तर जागा परत मिळत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. अखेर कर्नेलच मोठा होत गेला. सप्टेंबर २०२१ च्या २१.०२ या आवृत्तीपासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम अशी अट आली, आणि ४ एमबीची असंख्य उपकरणे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्यांपासून तुटली. ती उपकरणे बिघडली नव्हती. त्यांच्यात जागा नव्हती, इतकेच.

याच्या उलट टोकाला अँड्रॉइड. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने दोन प्रतींची पद्धत आणली, आणि लगेच तीच अडचण आली : सिस्टीम वाढत गेली पण पार्टिशन विक्रीच्या दिवशी होते तेवढेच राहिले. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने सुपर नावाचे एक मोठे पार्टिशन घेऊन त्याच्या आत बदलत्या आकाराची पार्टिशन ठेवायला सुरुवात केली. भिंती हलवता येतील अशी सोय झाली. हे तंत्र सुंदर आहे. पण त्यामागे बूटलोडरपासून अपडेटरपर्यंत सगळी यंत्रणा नव्याने लिहिणारी मोठी फौज होती. पाच-दहा जणांच्या चमूने तापमान नोंदवणाऱ्या उपकरणासाठी हा मार्ग धरावा असे मी सुचवणार नाही. गुंतागुंत वाढली की अपडेट फसण्याच्या जागाही वाढतात.

मोकळी ठेवलेली जागा वाया जाते, ही समजूतही तपासून पाहायला हवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेत मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार जुन्या गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या पडद्यामागच्या टेग्रा ३ संगणकाला ८ जीबीची ईएमएमसी होती आणि सततच्या लिहिण्याने ती झिजत होती. पडदा गेला की मागचा कॅमेरा आणि काचेवरचे धुके घालवण्याचे नियंत्रणही जाई. हे प्रकरण झिजेचे आहे, इमेजच्या आकाराचे नाही. पण दोन्हींचा धागा एकच. फ्लॅश भरत आली की कंट्रोलरला मोकळे ब्लॉक कमी मिळतात, लिहिण्यासाठी आतल्या आत जास्त हलवाहलव करावी लागते आणि पेशी लवकर थकतात. कधीच न लिहिलेला भाग चिपचे आयुष्य वाढवतो. तेव्हा मुद्दाम कोरी सोडलेली जागा हीसुद्धा एक तरतूद असते, आणि ती मागणाऱ्या अभियंत्याला उधळ्या म्हणू नये.

आता या चर्चेत कायदाही आला आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आला आणि त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उपकरणाचे अपेक्षित आयुष्य त्याहून कमी नसेल तर किमान पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे निर्मात्यावर बंधनकारक असेल. पुण्याच्या परिसरातून युरोपला उपकरणे पाठवणाऱ्या, किंवा तिथल्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्यांच्या कामावर याचा परिणाम होतो. योक्तोच्या दीर्घ पाठबळाच्या आवृत्त्या चार वर्षांच्या असतात; एप्रिल २०२४ ची स्कार्थगॅप एप्रिल २०२८ पर्यंत. चार वर्षांची आवृत्ती आणि पाच वर्षांचे बंधन यांचा हिशेब सरळ आहे. उपकरणाच्या आयुष्यात किमान एकदा नव्या आवृत्तीवर उडी मारावीच लागणार, आणि त्या उडीत ग्लिबसी, ओपनएसएसएल, सिस्टमडी, कर्नेल हे सगळेच थोडे थोडे फुगणार. लहान मुलाचा सदरा वाढत्या अंगाचा शिवतात, तसे रूटचे पार्टिशन वाढत्या अंगाचे असायला हवे. आजच्या मापावर तीस टक्के चढवून ते तसे होईलच असे नाही.

सगळे तोलून पाहिल्यावर माझे मत असे आहे. बाजारात जाणाऱ्या उपकरणाचा हिशेब चिपपासून सुरू करून आत यावा, फाइलींपासून सुरू करून बाहेर जाऊ नये. आधी चिपचा खरा आकार, त्यातून कोरी ठेवायची जागा, मग डेटाची गरज, मग उरलेल्याचे दोन समान रूट. हा आकार किकस्टार्टमध्ये ठरीव म्हणून लिहावा. रेसिपीत गुणक १ करावा आणि कमाल मर्यादा पार्टिशनच्या पूर्ण आकाराला न लावता बरीच खाली, पहिल्या विक्रीच्या वेळी निम्म्याच्या थोडी वर लावावी. रूट केवळ वाचण्यापुरती ठेवावी. तसे केले की चालू असताना ती भरण्याचा प्रश्नच मिटतो आणि हिशेब फक्त अपडेटचा उरतो. विकासाच्या इमेजना मात्र यांतले काहीच लावू नये, तिथे १.३ ला त्याचे काम करू द्यावे. एकाच लेयरमध्ये दोन वेगळे नियम ठेवणे थोडे कष्टाचे आहे, पण ते कष्ट घेण्यासारखे आहेत.

या मताविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो मला हलका वाटत नाही. खाली लावलेली मर्यादा नेमकी रिलीजच्या आदल्या रात्री बिल्ड पाडते, आणि त्या रात्री कुणीही विचार करत नाही; आकडा वाढवून मोकळा होतो. मग मर्यादेचा उपयोग काय? हे खरे आहे, आणि म्हणूनच मर्यादा एकटी पुरत नाही. योक्तोचा बिल्डहिस्टरी क्लास प्रत्येक बिल्डला कोणत्या पॅकेजने किती जागा घेतली याची यादी गिटमध्ये नोंदवतो. ती यादी दर आठवड्याला कुणीतरी वाचली तर वाढ कुठून आली हे महिनाभर आधीच दिसते. बहुतेक वेळा कारण साधे असते : एका वायफाय चिपसाठी लिनक्स-फर्मवेअरचे सबंध पॅकेज ओढले गेलेले असते, किंवा सगळ्या भाषांचे लोकेल, किंवा डीबगची एखादी सोय चुकून तशीच राहिलेली. मर्यादा ओलांडायची वेळ आलीच तर ती वाढवण्याचा बदल हार्डवेअरवाल्याच्या सहीशिवाय मंजूर होऊ नये, एवढा नियम घालता येतो. बीगलबोन ब्लॅकच्या बाबतीत २०१४ मध्ये ईएमएमसी २ जीबीवरून ४ जीबीवर नेली गेली आणि सोबत डेबियन आले. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एका टेबलावर बसले की असे निर्णय होतात. पण नव्या बोर्डाला ते जमते, विकल्या गेलेल्या बोर्डाला नाही.

विकल्या गेलेल्या, आखूड पार्टिशनच्या उपकरणांचे काय, हा त्यानंतरचा आणि जास्त अवघड प्रश्न. त्यांच्यासाठी पहिला उपाय यादी वाचून छाटणी करणे. दुसरा, एक्स्ट४ सोडून स्क्वॅशएफएस किंवा इरोफएसमध्ये रूट दाबणे, मात्र त्यासाठी बूट होताना तो ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून असायला हवा आणि लिहिण्याच्या जागा ओव्हरलेमध्ये हलवाव्या लागतात. तिसरा, मोठी पण सुरक्षेशी संबंध नसलेली फाइल, उदाहरणार्थ चित्रे किंवा आवाज, डेटा पार्टिशनवर नेणे. या तिन्हींनी भागत नसेल तर कंपनीने त्या मॉडेलच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेला थांबणार हे ग्राहकाला किमान वर्षभर आधी लेखी कळवावे, आणि ते पत्र पाठवण्याचा खर्च पुढच्या मॉडेलच्या चिपच्या आकाराची किंमत ठरवताना जमेला धरावा.